तीन पोळ्यांचं पत्र

“काका, तो माझा वाढदिवस विसरला! लग्न मोडल्याचं पत्र आत्ताच लिहून द्या,” पुतणी शाल्मली कडाडली. सिडनीत वाढलेल्या होणाऱ्या नवऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र इंग्रजीत हवं होतं.

इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेल्या काकांनी शांतपणे ताटातली पोळी उचलली.

“तोडण्याला इंग्रजीत तीन शब्द आहेत. हे बघ, टेअर,” म्हणत त्यांनी ती फाडली. “कडा वेड्यावाकड्या राहतात.” दुसरी सुरीने कापली. “हे सेव्हर. एकदम स्वच्छ.” तिसरी पिरगाळून हिसक्याने तोडली. “आणि हे रेंच. यात ओढणाऱ्यालाही दुखतं. पत्रात कुठलं घालू?”

शाल्मलीने तुकडे एकेक करून हातात घेऊन पाहिले. मग त्यातला एक भाजीला लावून पुटपुटली, “उद्या सांगते.”

“अहो,” काकूंनी आतून विचारलं, “उद्याच्या पत्रासाठी कणीक जास्त भिजवू का?”