सशाचे ठोके

चारकोपच्या प्रयोगशाळेत सशांच्या हृदयाचा अभ्यास करणारी अपूर्वा वैतागली होती. आजही मशीनच्या पडद्यावर सशाचे ठोके माणसाइतके संथ दिसत होते.

"याही मशीनची वाट लागलीय."

"कालच नवीन आणलंय यार," सहकारी क्लेटन म्हणाला. "स्वतःला लावून बघ ना."

तिने चिडून सशाच्या छातीवरचा मशीनचा पट्टा सोडला आणि स्वतःला लावला. पडद्यावरची रेघ सुसाट धावू लागली. इतक्या वेगाने सशाचं हृदय धडधडतं.

"मला तर काहीच होत नाहीये रे," ती करवादली.

तेवढ्यात खिडकीखाली कुत्रं भुंकलं. ससा निवांत गाजर खात राहिला.

"अपूर्वा," क्लेटनने हळूच विचारलं, "तू टेबलाखाली का गेलीस?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण कुत्रं जाईपर्यंत हलायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.