रिकाम्या हातानं

मेकअपवाल्यांपासून लाइटवाल्यांपर्यंत सगळ्यांचा संप सात आठवडे चालला होता. अखेर त्या सकाळी यंदाचा पारितोषिक सोहळा रद्द झाल्याचं जाहीर झालं. तरीही दुपारी तिला बाईंचा फोन आलाच. बाई सत्तरीतल्या नटी, आणि एकवीस वर्षं त्यांचा मेकअप तीच करत आलेली.

"येतेस का गं?"

"बाई, ब्रशला हात लावायचा नाही असं ठरलंय आमचं. आणि आता सोहळाच नाही, तर मेकअप कशाला?"

"ब्रश नको आणूस. रिकाम्या हातानं ये."

ती गेली. एरवी सोहळ्याच्या दिवशी बाईंच्या घरात हार, फोन आणि माणसांची नुसती झुंबड असायची. आज दार बाईंनीच उघडलं आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून त्या बसल्या.

"बरं नाही का, बाई?"

"बरी आहे की. मुलगा रोज फोन करतो, सामान घरपोच येतं. कशाची ददात नाही. पण तुमचा संप सुरू झाल्यापासून मला कुणाचा हात लागलेला नाही गं."

तिनं पर्स खाली ठेवली, हात धुतले, एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि बाईंचा चेहरा ओंजळीत धरला. बाईंनी डोळे मिटले.

"निवांत बसा, बाई," ती म्हणाली. "आज कुठं वेळेवर पोचायचं नाहीये आपल्याला."