शेवटची साखर

बाळ सुखरूप होतं, पण शालनचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा नवरा दिगंबर परब फोन लावत होता. शालनचं रक्त दुर्मीळ 'बॉम्बे' गटाचं; तिला दुसऱ्या कुठल्याच गटाचं, अगदी 'ओ'चंही रक्त चालत नसे. त्या गटाचे चार दाते त्याला तोंडपाठ होते आणि सगळ्यांत जवळचा घाटापलीकडे कोल्हापुरात होता.

"फोन ठेवा आणि आत या," डॉक्टर सामंत म्हणाल्या. "तुमचंच रक्त घेऊ."

"माझा रगात बी गटाचा. तिका चलाचा नाय."

"आज चालेल."

त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या करून डॉक्टरांनी त्यात एक एन्झाइम मिसळलं. आतड्यातले काही जंतू साखरेच्या किचकट साखळ्या तोडून खातात, त्यांचंच ते. रक्ताचा गट म्हणजे पेशीवर चिकटलेली अशीच साखळी. आजवर तिची फक्त टोकाची साखर निघायची आणि रक्त 'ओ' गटाचं व्हायचं. हे नवं एन्झाइम तिच्याखाली उरणारी, शालनला न सोसणारी शेवटची साखरही काढत होतं.

पिशवी लागली. दिगंबर यंत्रावरचे आकडे बघत राहिला. हळूहळू रक्तदाब चढला, स्राव थांबला, शालनने डोळे उघडले.

"कोल्हापूरसून कोण इलो?" तिने पिशवीकडे बघत विचारलं.

"कोण नाय. ता माझा आसा," तो म्हणाला. नऊ वर्षांच्या संसारात इतक्या ताठ मानेने तो कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या पिशवीसाठी वाडीतली अकरा माणसं बाहेर रांगेत उभी होती, आणि गट कोणता, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं.