एकोणिसावी रेघ

"सही करणार नाही," असं तिनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि कागद डॉक्टरीणबाईंकडे परत सरकवला.

आत अतिदक्षता विभागात तिचा नवरा पडला होता. सुतार माणूस. आठवड्यापूर्वी पटाशी तळहातात घुसली, त्यानं चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागला. जखमेतले जंतू रक्तात शिरले. काल सकाळी तो घरात हिंडत होता. आज त्याचा रक्तदाब औषधांच्या टेकूवर उभा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आता जंतूंपेक्षा त्याचं शरीरच त्याच्या जिवावर उठलंय; जंतूंना जाळायला पेटवलेली आग घरालाच लागलीय. ती आग खाली आणणारं एक औषध होतं, पण अजून चाचणीत. खात्री कुणीच देत नव्हतं.

चाचणी हा शब्द तिनं याआधीही ऐकला होता. आठ वर्षांपूर्वी तिच्या आईला हेच दुखणं झालं होतं, याच इमारतीत, आणि अशाच कागदावर तिनं सही केली होती. दोन दिवसांत आई गेली. त्यानंतर ती शाळेत गणित शिकवत राहिली, संसार करत राहिली, हसायचीही. पण आपल्या हातानं आईला घालवलं, हे मनातून जात नव्हतं. नवऱ्यापाशीसुद्धा ती कधी बोलली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला नाही. तुम्ही नको म्हणालात तरी बाकीचे उपचार चालूच राहतील, एवढंच म्हणाल्या. उठता उठता तिनं विचारलं, की कागदावर एकच डोस का लिहिलाय? आधी दोन असायचे ना?

डॉक्टरीणबाईंनी एक जुना आलेख समोर ठेवला. पहिल्या चाचणीतले एकोणीस रुग्ण, एकोणीस रेघा; रेघ चढली की माणूस सावरतोय. अठरा जणांचं रक्त दिवसातून दोनदाच तपासलेलं, त्यामुळे त्यांच्या रेघांवरून काही उमगत नव्हतं. एकोणिसाव्या बाईंनी मात्र दर तासाला रक्त घेऊ दिलं होतं. त्यांची रेघ अकरा तास चढत गेली होती आणि दुसऱ्या डोसनंतर कोसळली होती. पहिल्या डोसनं आग विझवली, दुसऱ्यानं घराचे राखणदारही झोपवले.

"मी तेव्हा शिकाऊ होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी बाई उठून बसल्या, मुलीकडून वेणी घालून घेतली. मुलगी बाहेर गेली की मी सुई घेऊन जायचे. त्या आपणहून हात पुढे करायच्या. म्हणायच्या, 'घे गं, अंगात आहे तोवर घे. तुला काहीतरी सापडू दे.' त्यांच्यामुळे दुसरा डोस बंद झाला. त्यानंतर बरेच जण चालत घरी गेलेत. सगळे नाही, पण बरेच."

ती त्या रेघेकडे बघत राहिली. हजारो आलेख तिनं मुलांकडून काढवून घेतले होते. एखाद्या रेघेत माणूस असा धडधडत असतो, हे तिला माहीत नव्हतं. तिनं सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवलं.

"हे दुपारी चारचं ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं पेन मागितलं.

औषध त्याच्या अंगात गेलं आणि ती काचेबाहेर उभी राहिली. पडद्यावरचे रक्तदाबाचे आकडे चढू लागले. हा चढ तिच्या ओळखीचा होता. अकरावा तास आला, तशी तिनं दोन्ही हातांनी काचेची चौकट धरली. बारावा तास झाला. तेरावा. आकडे जागचे हलले नाहीत.

पाचव्या दिवशी त्याच्या घशातली श्वासाची नळी निघाली. बसक्या आवाजात नवरा म्हणाला, की डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडायचे?

तिनं त्याचा बांधलेला हात मांडीवर घेतला.

"त्यांचे आहेतच," ती म्हणाली. "पण तुम्हाला आईनं वाचवलं."