पुढच्या चाकाचं काम

ही गोष्ट २०२३ सालची, मे महिन्यातली. बेंबळीत बलभीमअण्णांनी पत्र्याच्या शेडमध्ये जुनी व्हॅन जॅकवर चढवली होती. मागच्या चाकांना दगड लावले होते. ब्रेक दाबला की पुढच्या चाकात लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता, आणि दुसऱ्या दिवशी नात अर्पिताला परीक्षेसाठी धाराशिवला न्यायचं होतं.

"अण्णा, मेकॅनिककडं टाकू," मुलगा कृष्णराज म्हणाला. "पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"बत्तीस वर्षं डेपोत बसचे ब्रेक बसवले म्या. ही व्हॅन म्हंजी खेळणं हाय."

"आन् नेणार कोण? मला डेअरीत सुट्टी न्हाय."

"मीच की. आजवर कोण नेत आलंय?"

कृष्णराज कामावर निघून गेला.

उन्हासाठी शेडला ताडपत्री बांधलेली होती, त्यामुळं चाकापाशी अंधारच होता. अण्णांची बायको द्वारकाबाई दोन सेलची स्टीलची बॅटरी घेऊन शेजारी पाटावर बसल्या.

अण्णांनी चाक उतरवलं, बोल्ट ढिले केले, झिजून पत्र्याएवढे उरलेले पॅड बाहेर काढले. काढलेली प्रत्येक वस्तू ताटलीत ठरलेल्या जागी ठेवली. डेपोतली सवय.

"बॅटरी जरा वर धर."

द्वारकाबाईंचा हात जागचा हलला नाही.

"हां. आता लख्ख दिसतंय."

अण्णांनी बोटं फिरवून नवा पॅड आत सरकवला. द्वारकाबाई एकटक त्या बोटांकडं बघत होत्या.

"अवो, नीट बसला न्हवं?"

"तूच बघ की. उजेड तुझ्या हातात हाय." अण्णा हसले. "बोहल्यावर बी अशीच भीत हुतीस."

दुपारी कृष्णराज जेवायला आला. व्हॅन रस्त्यावर नेऊन त्यानं दोनदा जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, आवाज नाही.

"अण्णा, मानलं तुमाला."

"मग? उद्या सातला आमी निघणार."

"कृष्णा, गाडी तू चालव उद्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आई, ब्रेक कडक लागतोय. आत्ताच बघितलं म्या."

"असू दे. मला भ्या वाटतंय. रजा टाक."

अण्णांनी पाना खाली आपटला. "एवढं काम केलं, आन् घरातच भरवसा न्हाय."

कृष्णराजनं डेअरीत फोन करेपर्यंत द्वारकाबाई व्हॅनच्या दारापासून हलल्या नाहीत.

अर्पिता परीक्षेला वेळेत पोचली. आता ती लातूरला नर्सिंग शिकते. ते पॅड दोन वर्षं टिकले. कृष्णराज अजून डेअरीत आहे. २०२३च्याच जूनमध्ये द्वारकाबाई स्वतःचे डोळे दाखवायचे म्हणून अण्णांना सोबत घेऊन सोलापूरला गेल्या. ऑपरेशन झालं ते अण्णांचं, दोन्ही डोळ्यांचं. अण्णा आता पुन्हा व्हॅन चालवतात आणि भेटेल त्याला बायकोच्या भित्रेपणाचा हा किस्सा सांगतात. द्वारकाबाईही हसतात. अजूनपर्यंत त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, की त्या दिवशी बॅटरीतले दोन्ही सेल सकाळपासून त्यांच्या कनवटीला होते.