उभा ठेव, नाहीतर गळेल

मे महिन्यात मॉस्कोला बांधकामावर निघताना जव्लोनने रिवाजाप्रमाणे नानचा एक घास तोडला. उरलेली नान त्याच्या आईने, सानोबरने, खुंटीला टांगली. परत येऊन ती त्यानेच संपवायची. मग त्याने आपला वेप, रस भरून ओढायची ती ई-सिगारेट, तिच्या हातात दिला.

"तू घातलेल्या शपथेखातर इथेच ठेवून जातोय, ओयी. पण आपल्या तिरमिझच्या उन्हाचं काही खरं नाही. गार जागी, उभा ठेव. आडवा पडला की गळतो."

"गळू दे मेल्याला! तुझी फुप्फुसं तरी वाचतील."

तो हसत गाडीत बसला. गाडी वळणाआड जाताच सानोबरने तो वेप त्याच्या खोलीच्या खिडकीत, भर उन्हात, मुद्दाम आडवा ठेवला. दोन दिवसांत सगळा रस पडद्यात नि गादीत मुरला. खोलीभर खरबुजाचा वास, अगदी जव्लोनच्या सदऱ्यांना यायचा तसा. ती नाक मुरडून हसली.

जून सरताना तिकडे परांची कोसळली आणि जव्लोन पेटीतून घरी आला. नान खुंटीलाच राहिली.

आता चिल्ल्याचे, ऐन काहिलीचे चाळीस दिवस चाललेत. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा चोच वासून धापा टाकतात. शेजारची मुकद्दस जव्लोनच्या खोलीचं दार ठोठावून दमली.

"ओपा, अहो, भट्टी झालीय आत! एक खिडकी तरी उघडा. जीव जाईल तुमचा."

दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबता कोंबता सानोबर आतून म्हणाली,

"नको गं. वास जाईल त्याचा."