तेल जातंय कुठं?

पिराजीनं तेल मोजायची पट्टी पुसली, इंजिनात घातली आणि पुन्हा बाहेर काढली. टोकाला नावाला तेल होतं.

"अण्णा, परवाच भरलंतं की वो."

"भरलंतंस."

"मग जातंय कुठं? सायलेन्सरला धूर न्हाय, तेलाचा चेंबर खालनं कोरडा ठाक. तेल गाडी पितीया का तुमी?"

तवनाप्पा हसले नाहीत. पोरगा ऋषभ गेल्यापासून त्यांची चेष्टा करायचं धाडस अख्ख्या उद्यमनगरात एकटा पिराजी मिस्त्री करायचा, आणि तीही फुकट जायची. शाहुपुरीतल्या त्यांच्या अडतीवर तर लोक गुळाच्या दरापलीकडं एक अक्षर बोलत नसत.

फियाट नावावर तवनाप्पांच्या होती, पण म्हणायची ऋषभची. पोरगा गाडीचं तेलसुद्धा घरीच बदलायचा. तो खाली आडवा पडून नट सोडायचा आणि त्याची आई विजयमालाबाई पातेलं पुढं सरकवायच्या. रविवारी दुपारी तो दोघांना कळंब्याच्या तळ्यावर न्यायचा, भडंग खाऊ घालायचा आणि दिवस मावळायच्या आत जेवणाला घरी आणायचा. मावळल्यावर त्या जैन घरात कुणी घास तोंडात घालत नसे. मग एकदा तो मित्रांबरोबर मोटारसायकलवर पन्हाळ्याला गेला. परत आलाच नाही. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

सुतक फिटल्यावरच्या पहिल्या रविवारी तवनाप्पा गाडीची किल्ली कपाटात ठेवून द्यायला निघाले होते. त्यांच्या हातात किल्ली बघून विजयमालाबाई आत गेल्या आणि पातळ बदलून आल्या. आता हिला नाही कसं म्हणायचं? त्यांनी गाडी काढली.

तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. पोराच्या जागेवर बसून स्टिअरिंगला हात लावला की त्यांना नको नको व्हायचं. विजयमालाबाई मागच्या सीटवर, पूर्वीच्याच जागी बसायच्या आणि काचेबाहेर बघत राहायच्या. भडंगाचा पुडा घेतला जायचा, फोडला जायचा नाही. बाईंनी बस्तीत दर्शनाला जाणंही सोडलं होतं. घराबाहेर पडतात त्या एवढ्यासाठीच, आणि हेही बंद झालं तर त्या अंथरूण धरतील, याची तवनाप्पांना खात्री होती. म्हणून गाडी चालू राहायला हवी होती. बाकी त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

त्यांनी पिशवीतून एक चकचकीत बाटली काढली.

"हे घाल तेलात. दसरा चौकात एकजण विकत हुता. इंजिनातलं तेल सगळं सोडलं आणि तशीच गाडी चालवून दाखवली."

पिराजीनं बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "अण्णा, हे टॉनिक झालं, जेवण न्हवं. तेल जरा दाट हुतंय, चार दिस आवाज दबतोय. चांगलं तेल वेळंवर बदलत गेला तर ह्येचं कामच न्हाय. आणि तेलच नसलं तर हे काय करणार?"

"तू घाल. गाडी बंद पडून चालायची न्हाय."

पिराजीनं आधी तेल भरलं आणि वर ती बाटली रिकामी केली. गिऱ्हाइकाची समजूत काढण्यात त्यानं आयुष्यात बराच वेळ घालवला होता. या माणसाशी वाद घालायला त्याचा जीव होत नव्हता.

घरी विजयमालाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आता काळजी न्हाय बघ," तवनाप्पा म्हणाले. "नवीन औषध घातलंय. तेल नसलं तरी गाडी पळतीया म्हणं. दर रविवारी पट्टी बघायला नको."

बाईंचा हात सुपात थांबला. "म्हंजे आता बघणार न्हाय तुमी?"

"कशाला बघायची?"

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

रविवारी तवनाप्पांनी पट्टी पाहिली नाही. गाडी सुरू होताना जरा खडखडली. औषध मुरत असेल, असं त्यांनी धरलं. समोरचा तेलाचा लाल दिवा लागला तो विझेना. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि गाडी गल्लीतून बाहेर काढली.

कळंब्याच्या जेलच्या अलीकडं इंजिनानं एकदा मोठ्यानं आवाज केला आणि गाडी आचके देत रस्त्याकडेला थांबली. तवनाप्पांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. काही हललं नाही. सायकलवरच्या एका माणसानं "पावणं, पाणी संपलं काय?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो पुढं निघून गेला.

गाडीत बसल्या बसल्या दिवस उसाच्या फडांमागं उतरला. आज जेवण चुकणार होतं.

तवनाप्पांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि त्याचीच त्यांना शरम वाटली. मागं बायको बसली होती. तिचं आता कसं होणार?

"काळजी करू नको," मागं न वळता ते म्हणाले. "पिराजीकडनं इंजिन उतरवून घेतो. बोअर करू, लागलं तर दुसरं टाकू. एखाद-दुसरा रविवार काय तो जाईल. तुझं कळंबं चुकवणार न्हाय मी."

मग विजयमालाबाईंनी पुढच्या सीटवरून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"नका दुरुस्त करू," त्या म्हणाल्या. "तुमी काय थांबंना, म्हणून ते तेल मीच काढत होते."